कलम ८९ रद्द होईपर्यंत हा कागद भरून ठेवा

सक्तीचे मानसोपचार बंद व्हायलाच हवेत. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार भारताने २००७ साली स्वीकारला. अपंगत्व असलं तरी स्वतःबद्दलचे निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार माणसाचाच, असं त्याचं कलम १२ सांगतं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मात्र कलम ८९ आहेच. त्याखाली माणसाला इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं, आणि कलम ९० ने मुक्काम आणखी लांबतो.

दाखल करण्याचा हा अर्ज करतो कोण? नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे कायद्याने तुमच्या वतीने बोलणारा माणूस. तुम्ही कुणाला नेमलं नसेल तर ही जागा सहसा नातेवाइकाकडे जाते. मग घरातून धरून नेणारा, अर्जावर सही करणारा आणि तुमच्या वतीने उपचारांना संमती देणारा एकच माणूस असू शकतो! म्हणून प्रचारात हे आधी सांगा: विश्वासातला सज्ञान माणूस निवडा, साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून त्याला नेमा आणि त्याची लेखी संमती घ्या. ही नेमणूक कधीही बदलता येते.

सोबत अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह करा, म्हणजे आजारपणात कोणते उपचार चालतील आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्यावर दोन साक्षीदार लागतात. यात बहुतेकांचं चुकतं ते मोघम लिहिण्यात. ‘जबरदस्ती नको’ एवढ्याने भागत नाही. ‘अमुक इंजेक्शनने जबडा आखडतो, म्हणून ते नको, झोप उडाली तर आधी तमुक गोळी, एवढ्याच मात्रेत, विजेचा शॉक कोणत्याही परिस्थितीत नको’ असं कारणासकट लिहा. डॉक्टर किंवा घरच्यांना हा कागद डावलायचा असेल, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जावं लागतं. लिहिणाऱ्याला पुरेशी माहिती होती का, त्याने ही परिस्थिती गृहीत धरली होती का, हे मंडळ तपासतं. कारणं लिहिलेली असली की कागद टिकायची शक्यता वाढते.

प्रत मात्र पोहोचलीच पाहिजे. प्रत मिळाली नसेल तर डॉक्टरवर जबाबदारी येत नाही. प्रतिनिधीकडे एक, नेहमीच्या डॉक्टरांच्या फायलीत एक, आणि दिल्याची पोच स्वतःकडे.

एक भोक उरतंच. तातडीच्या उपचारांना हा कागद लागू नाही. ती मुभा साधारण ७२ तासांची. पण त्या नावाखाली शॉक देता येत नाही, हे प्रतिनिधीला पाठ हवं.

दाखल केलंच, तर मंडळाकडे लेखी अर्ज करा. स्वतः रुग्ण, प्रतिनिधी किंवा रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्था तो करू शकते. निर्णय ७ दिवसांत द्यावा लागतो. अर्जाची तारीख आणि निकालाची तारीख, दोन्ही नोंदवून ठेवा. कलम रद्द करायची मागणी घेऊन जाताना हाच पुरावा लागतो.