एका फोनला किती फाटे

मावशीचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. आधी ओट्यावरचा मोबाइल वाजला. मग अर्ध्या सेकंदाने आतल्या खोलीतला लॅपटॉप. पाठोपाठ टॅबलेट, जो दोन दिवस कुणालाच सापडत नव्हता. तो सोफ्याच्या उशांखालून दबक्या आवाजात गाऊ लागला. आणि मनगटावरचं घड्याळ. ते गात नाही, कुरतडतं. साबणाचे हात तसेच वर धरून मी करंगळीने मोबाइलवरचं हिरवं बटण कसंबसं सरकवलं. लॅपटॉप वाजतच राहिला.

"अगं, तुझ्याकडे दुसरा फोन वाजतोय. तो घे आधी, मी थांबते."

"तुझाच वाजतोय, मावशी."

"मी तर बोलतेय की तुझ्याशी!"

यावर काय बोलणार? तिचं बरोबरच होतं.

घरात तारेचा फोन असायचा तेव्हाही एका लाइनीवर दोन-तीन यंत्रं जोडता यायची: एक बाहेर, एक आत. बाहेरच्यावर कुणी बोलत असताना आतला रिसीव्हर हलकेच उचलून श्वास रोखून ऐकणारं कुणीतरी प्रत्येक घरात असायचं. (आमच्याकडे कोण, ते मी सांगणार नाही.) पण तिथे विजेचाच लगाम होता. घंटा वाजवायला एक्स्चेंजमधून वीज यायची, ती सगळ्या यंत्रांत वाटली जायची, आणि चार-पाचांहून जास्त जोडली की सगळ्यांच्याच घंटा मरगळायच्या. आवाज वाटून घ्यावा लागायचा. आता तो वाटला जात नाही, त्याचा गुणाकार होतो.

इंटरनेटवरून फोन जोडण्याची जी एक प्रमाण पद्धत आहे, एसआयपी नावाची, तिच्या २००२ सालच्या नियमावलीत या प्रकाराला 'फोर्किंग' म्हटलंय. म्हणजे शब्दशः फाटे फोडणं. आपल्याकडे फाटे फोडणाऱ्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही, तिथे मात्र ते रीतसर काम आहे. आलेला एक कॉल एकदम चार ठिकाणी पाठवायचा, कुणी तरी उचलला की उरलेल्या तिघांना 'रद्द' असा निरोप धाडायचा. तो निरोप पोचेपर्यंतचा जो काळ, त्यात मावशी आणि मी एकमेकींना वेड्यात काढतो. त्या निरोपासोबत 'दुसरीकडे उचलला' असं कारण कळवायचीही सोय आहे. ते कारण मध्येच कुठे गळालं, तर ज्या माणसाशी आपण वीस मिनिटं बोललो, त्याचाच मिस्ड कॉल दुसऱ्या यंत्रावर लालभडक दिसतो. मी अशा एका मिस्ड कॉलला उत्तर म्हणून फोन केलाही आहे. "विसरलीस का काही?" पलीकडून विचारलं. मी हो म्हटलं आणि काहीतरी आठवल्यासारखं केलं.

इतकं सगळं मी चालवून घेतलं होतं. पण एका सकाळी मी न्हाणीघरात असताना ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला आणि टॅबलेटवर चित्रं रंगवत बसलेल्या लेकीने तो उचलला. चित्रावर मधेच एक हिरवा गोल आला, तिने तो दाबला, बस. बाहेर आले तेव्हा संभाषण चांगलंच रंगलं होतं. "आई आंघोळ करतेय. आधी ती तुमचा फोन आला की म्हणते, अरे देवा."

त्या दिवशी बसलेच.

बसल्यावर कळलं की दोष माझ्याच बोटाचा. प्रत्येक नवं यंत्र सुरू करताना ते काहीबाही विचारतं आणि आपण 'हो, हो, पुढे' करत सुटतो. आयफोनचे कॉल टॅबलेट-लॅपटॉपवर घ्यायची सोय ॲपलने २०१४ मध्ये आणली. खातं एकच आणि वायफायही एकच असलं की ती चालते. घराबाहेर शांतता आणि दारात पाऊल टाकलं की जत्रा, हे कोडं तिथे सुटलं. बंद करायला फोनच्याच सेटिंग्जमध्ये जायचं, तिथे 'फोन' या सदरात 'कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस' असं लिहिलेलं असतं. सगळ्यांना एकदम गप्प करता येतं, किंवा एकेकाचं नाव बघून. मी एकेकाचं बघितलं. यादीत एक टॅबलेट असा निघाला, जो मी कधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलाय. त्याचं काय झालं असेल याचा विचार मी अजून टाळतेय.

मला वाटलं, झालं. संध्याकाळी लॅपटॉप पुन्हा कोकलला, कारण तो व्हॉट्सॲपवरचा कॉल होता. त्याचं खातं वेगळं, जोडलेली यंत्रं वेगळी, मोबाइलशिवाय आणखी चार जोडता येतात. फेसटाइमची, म्हणजे ॲपलच्याच व्हिडिओ-कॉलची, तऱ्हा तिसरी. तो नको असेल तर त्या त्या यंत्रावर जाऊन बंद करायचा. विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइडचा फोन असेल तर त्यांचं ब्लूटूथवरून निराळंच गूळपीठ असतं. एक नळ बंद करावा आणि भिंतीतून दुसरा ठिबकावा, तसं चाललं होतं. पण तीन दिवसांत मी सगळे बंद केले. शेवटी घड्याळही.

घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

परवा मोबाइल हरवला. पूर्वी असं झालं की मी नवऱ्याच्या फोनवरून स्वतःला फोन लावायचे, चारही दिशांनी सगळी यंत्रं ओरडायची आणि नेमका मोबाइल तेवढा सापडायचा नाही. या वेळी लावला आणि कान दिला. कुठेच काही नाही. मग फार लांबून, बारीक, एकच आवाज. धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत, दोन टॉवेलांच्या खाली.

काढून बघते तर मावशीचे तीन मिस्ड कॉल. खरेखुरे. लगेच लावला.

"आज तुझ्याकडे मागे काहीच वाजत नाहीये," ती म्हणाली. "बरी आहेस ना गं?"