जुन्या गाडीला झेनॉन हेडलाइट बसवताना

जुन्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड अपुरा वाटू लागला की झेनॉनचा, म्हणजे झेनॉन वायू भरलेल्या दिव्याचा, विचार मनात येणे स्वाभाविक आहे. एच ७ जातीचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब साधारण १५०० लुमेन (लुमेन हे उजेडाचे माप) उजेड देतो, तर डी २ एस जातीचा झेनॉन बल्ब ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० लुमेन देतो. वीज कमी लागते आणि उजेड दुपटीहून अधिक मिळतो. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेतील गाडीवर हे दिवे प्रथम आले, तेव्हा ते महागड्या गाड्यांपुरतेच होते. आता मात्र बाहेरून बसवायचे किट सहज मिळते आणि ते बसवायला फारसा वेळही लागत नाही. माझ्या जुन्या गाडीसाठी हा सारा खटाटोप केल्यानंतर माझे जे मत पक्के झाले, ते आधीच सांगतो: हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये नुसता बल्ब बदलून झेनॉन बसवू नये. बसवायचा असेल तर त्याच्यासाठीच घडवलेल्या प्रोजेक्टरसह, म्हणजे भिंगातून झोत टाकणाऱ्या संचासह, बसवावा, नाहीतर असलेला हॅलोजनच नीट करून घ्यावा.

यामागचे कारण हेडलाइटच्या रचनेत आहे. हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून उजळते, आणि ती तार नेमकी कुठे आहे, किती लांब आणि किती जाड आहे, हे धरूनच रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशाचा, प्रत्येक वक्र भाग आखलेला असतो. झेनॉन बल्बमध्ये तार नसते. त्यातील दोन इलेक्ट्रोडांच्या मधल्या सुमारे ४ मिलिमीटरच्या फटीत विजेची आर्क, म्हणजे सतत पेटती राहणारी ठिणगी, पेटते. ती मध्यभागी किंचित वर वाकलेली असते आणि तिचे तेज सर्वत्र सारखे नसून टोकांशी अधिक असते. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरला हा प्रकाशस्रोत सर्वस्वी परका असल्यामुळे, जिथे उजेड संपून काळोख सुरू व्हायला हवा ती रेषा विरघळते आणि बराचसा उजेड त्या रेषेच्या वर, म्हणजे समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत जातो. एच ४ जातीच्या बल्बची अडचण आणखी मोठी आहे. त्यात डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते आणि तिच्यामुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडत नाही. झेनॉन किटमध्ये हेच काम एखादे पत्र्याचे आवरण आणि विद्युतचुंबकाने पुढेमागे सरकणारा बल्ब यांच्यावर सोपवलेले असते, आणि ती हालचाल तारेच्या ठाम जागेइतकी अचूक राहत नाही.

अशा किटने समोरच्याचे डोळे दिपतात हे बहुतेकांना ठाऊक असते. स्वतःच्या दृष्टीवर होणारा परिणाम मात्र सहसा ध्यानात येत नाही. गाडीपुढचा जवळचा रस्ता लख्ख उजळला की डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात, आणि त्यामुळे दूरवरचा पादचारी किंवा खड्डा आधीपेक्षा कमीच दिसतो. चालकाला मात्र उजेड वाढल्याचे समाधान असते आणि तो वेग वाढवतो. मला या किटची खरी भीती वाटते ती याच कारणाने.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे वाहनविषयक नियम अनेक देशांनी स्वीकारलेले आहेत. त्यांतील नियम क्रमांक ९८ झेनॉनसारख्या दिव्यांच्या हेडलाइटसाठी स्वतंत्र चाचण्या ठरवून देतो, तर नियम क्रमांक ४८ नुसार डिपरचा प्रकाशस्रोत २००० लुमेनहून अधिक असेल तर झोताची उंची आपोआप राखणारी यंत्रणा आणि हेडलाइट धुण्याची सोय लागते. या अटी अनाठायी नाहीत. मागच्या सीटवर माणसे बसली वा डिकी भरली की गाडीचे नाक उचलले जाते आणि झोत वर चढतो. काचेवर चिखल असला की उजेड भलतीकडे विखुरतो. जुन्या गाडीत या दोन्ही सोयी बहुधा नसतात. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये झेनॉन किट बसवणे पुष्कळ देशांत बेकायदा आहे, म्हणून आपल्या इथला नियम आणि विम्याच्या अटी वाचल्याशिवाय या कामाला हातच लावू नये.

त्याआधी आणखी एक काम करावे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. मूळ हॅलोजनला पुरेसा व्होल्टेज मिळतो आहे का, हे इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, थेट बल्बच्या सॉकेटवर मल्टिमीटरने मोजावे. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. वर्षानुवर्षांच्या वापराने त्या स्विचचे संपर्क जळकट होतात, अर्थिंगचे स्क्रू गंजतात आणि वाटेतच व्होल्टेज गळतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार वेगाने घटतो: व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी झाला तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) यांच्यामार्गे जाड वायर आणून जुन्या स्विचवर केवळ रिले चालवण्याचे काम ठेवले आणि अर्थिंग घासून स्वच्छ केले, तर त्याच बल्बचा उजेड पाहून आश्चर्य वाटते. प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर ती पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून, पॉलिश करून, तिच्यावर अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर द्यावा. रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल तर मात्र हेडलाइटच बदलावा लागतो, कारण आतला ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की तो घासला की निघूनच जातो. एवढे केल्यावर अनेकांना झेनॉनची गरज उरत नाही, असे मी जबाबदारीने म्हणेन.

तरीही झेनॉनच हवा असेल आणि नियमाची आडकाठी नसेल, तर हेडलाइट उघडून आत प्रोजेक्टर बसवावा. प्रोजेक्टरमध्ये भिंगाच्या मागे एक पडदा असतो आणि त्याचीच कड रस्त्यावर उजेड-काळोखाची रेषा म्हणून उमटते. जुन्या गाडीच्या बाबतीत इथे एक अडचण हमखास येते: पुढची काच उभ्या-आडव्या रेघांची असेल तर प्रोजेक्टरचा रेखीव झोत त्या रेघांतून जाताना विस्कटतो, त्यामुळे सपाट, पारदर्शक काच मिळत असेल तरच पुढे जावे. प्रोजेक्टर निवडताना वाहतुकीची बाजूही पाहावी. झोताची पायरी, म्हणजे उजेड-काळोखाच्या रेषेचा वर चढणारा भाग, रस्त्याच्या कडेकडे असायला हवी. डावीकडून वाहने चालणाऱ्या ठिकाणी उजव्या वाहतुकीसाठीचा प्रोजेक्टर लावला, तर तीच पायरी समोरच्याच्या डोळ्यांवर जाते. बल्बचा प्रकारही ठरलेला असतो. प्रोजेक्टरला डी २ एस लागतो. डी २ आर हा कारखान्यातच झेनॉनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरचा बल्ब असून त्याच्या काचेवर उजेड अडवणारे पट्टे असतात. हेडलाइट पुन्हा चिकटवून बंद करण्यापूर्वी दिवा लावून रेषा आडवी येते की नाही हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण तिरका बसलेला प्रोजेक्टर नंतर बाहेरच्या स्क्रूने सरळ होत नाही.

विजेच्या कामात हयगय चालत नाही. आर्क पेटवण्यासाठी बॅलास्ट (बल्बला हवी तशी वीज पुरवणारा संच) आणि इग्नाइटर (ठिणगी पाडणारा भाग) मिळून क्षणभर २० हजार व्होल्टहून अधिक दाब देतात, आणि आर्क स्थिरावली की डी २ जातीच्या बल्बवर तो सुमारे ८५ व्होल्ट राहतो. म्हणून दिवा चालू असताना कोणताही कनेक्टर काढू नये. पेटतेवेळी बॅलास्ट नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि जुन्या वायरिंगला तो झेपत नाही, त्यामुळे रिले, जाड वायर आणि प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज यांना पर्याय नाही. बॅलास्ट पाणी आणि इंजिनची धग यांपासून दूर, पत्र्यावर घट्ट बसवावा. केवळ अपर लाइटसाठी झेनॉन लावू नये. पूर्ण तेजावर यायला त्याला काही सेकंद लागतात आणि इशाऱ्यासाठी अपर मारताना तेवढा वेळ नसतो.

रंगाच्या मोहात पडू नये. सुमारे ४३०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) बल्ब सर्वाधिक उजेड देतो. ६००० केल्विनचा अधिक पांढरा दिसतो पण उजेड कमी देतो, आणि त्यापुढचे निळसर बल्ब तर रस्ता पाहण्याच्या कामाचेच नाहीत.

शेवटी झोत जुळवायचा. चाकांतील हवा योग्य ठेवून, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून, गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखून उजेडाची रेषा तिच्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली आणली की उतार १ टक्का होतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर असा झोत साधारण ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. गाडीत झोत खाली-वर करण्याचे बटण असेल तर ते दुरुस्त करून घ्यावे आणि मागे वजन असताना न विसरता वापरावे. काही दिवस गाडी चालवल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी, कारण नवे स्क्रू बसतात आणि रेषा थोडी सरकते. पुढे एखादा बल्ब गेला तर दोन्ही एकदम बदलावेत. वापराने झेनॉनचा रंग आणि तेज दोन्ही बदलतात, आणि एक नवा, एक जुना अशी जोडी रस्ता सारखा उजळत नाही.