मांगर

आमच्या कणकवलीकडच्या जमिनीत मांगर कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, फक्त तो दिसत नव्हता. अठरा वर्षांत रानमोडी आणि घाणेरीने त्याला पार गिळलं होतं. तात्या सुतार कोयतीने वाट काढत पुढे गेले, 'ठक्' असा आवाज झाला, आणि आम्हाला भिंत सापडली.

मांगर म्हणजे नुसता गोठा नव्हे. खाली गुरं, माळ्यावर पेंढा, कोपऱ्यात नांगर, जू, इरली, आणि घरात भांडण झालं की दोन दिवस एखादा काका, असा त्याचा संसार.

सातबाऱ्यावर तेवीस नावं आणि जमिनीत हापूसची कलमं अकरा. पण मांगर पुन्हा उभा करायचा खर्च मी करतोय म्हटल्यावर सगळ्यांचा होकार दोन दिवसांत आला. सोबत सल्लेही आले. पुण्याच्या चुलतभावाने होमस्टे सुचवला, वर बाथरूम गव्हाणीच्या जागी येईल हेही फोनवरच ठरवून टाकलं. मी हूं हूं केलं. मला मांगर मांगरच हवा होता. का, ते धड सांगता येत नव्हतं. गुरं तर एकही नव्हतं.

सफाई झाल्यावर आत पाहिलं तर चिऱ्याच्या तिन्ही भिंती शाबूत. वासे आणि रीपा वाळवीने संपवल्या होत्या, पण किंजळीच्या आढ्याला तात्यांनी पटाशी टोचून पाहिली आणि कौतुकाने मान हलवली. घराचं छप्पर मात्र केव्हाच बसलं होतं. त्याचं कारण मला लहानपणापासून माहीत आहे. आजोबांनी घरावर शेवटपर्यंत कुंभाराचे नळे, म्हणजे साधी अर्धगोल कौलं, ठेवले, दर वर्षी मे महिन्यात शाकारायचे. मंगलोरी कौलं घातली ती मांगरावर! आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ह्यांका माणसां भिजलेली चलतत, पेंढो भिजलेलो चलणा नाय." आजोबांचंही चुकत नव्हतं म्हणा. भिजलेला पेंढा कुजतो, बुरशी धरतो, गुरं तोंड लावत नाहीत. आणि आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. माणसं काय, पाट सरकवून दुसऱ्या कोपऱ्यात जेवायला बसतात.

उतरवलेल्या एका कौलाच्या पाठीवर बासेल मिशनचं नाव आणि 1865 हा आकडा उठलेला होता. मी फोटो टाकला आणि संध्याकाळपर्यंत आमचा मांगर दीडशे वर्षांचा झाला. आत्याला तर त्यात 1857 नंतर लपलेले कुणीतरी आठवायला लागले. खरं म्हणजे 1865 हे मिशनच्या मंगळुरातल्या कारखान्याचं सुरुवातीचं साल. नेत्रावतीकाठच्या मातीची ती कौलं पुढे कितीतरी वर्षं तोच आकडा मिरवत गलबतांतून कोकणभर आली. मांगर आजोबांनीच बांधलेला. हे मी कळवलं. कुणी वाचलं नाही.

जमीन करायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. माती घातली, चोपण्याने चोपली, आता सारवायचं, तर वाडीत शेण कुठे? तीन घरं हिंडलो. एका वहिनींनी बादलीभर दिलं आणि चहाही दिला. गोठा सारवायला शेण मागत फिरणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

छप्पर चढवण्याआधी तात्या म्हणाले, "पन्नास कौलां जास्ती हाडा." मोडकी बदलून, मोजून, हिशोब बरोबर बसला होता, मला वाटलं, उगाच खर्चात घालतायत. मी दहा आणली.

जूनच्या पहिल्या पावसात मी मुद्दाम मांगरात जाऊन बसलो. पागोळ्या सरळ रेषेत पडत होत्या, आत टिपूस नव्हता. तासाभराने पाऊस थांबला आणि डोक्यावर धाडकन काहीतरी आदळलं. मग दुसरं, मग सगळा कळप. बाहेर येऊन पाहतो तर फणसावरून माकडं एकेक करून नव्या छपरावर उड्या घेत होती. एकोणीस कौलं गेली. तात्यांना फोन केला, तर पलीकडून आधी हसू ऐकू आलं.

"मग पन्नास कशाक सांगितलंय? माकडां काय तुमचो सातबारो बघून येतत?"