ओस्लो ते बर्गन, आणि मधलं फिन्से

आईचे गुडघे दुखतात म्हणून नॉर्वेत ओस्लोहून बर्गनला विमानाने जायचं मी ठरवलं. सरळ रेषेत अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास, विमानाला ५५ मिनिटं. आगगाडीला पावणेसात तास. तुलनाच नको असं वाटलं होतं.

प्रत्यक्षात पावणेसातला घर सोडलं. गार्डरमोन विमानतळ शहरापासून जवळपास ५० किलोमीटर, वेगवान गाडीने २० मिनिटं. पुढे सामान, तपासणी, लांबच लांब चालणं, आणि विमानाला ४० मिनिटं उशीर. कोणी धड काही सांगेना. आईला खिडकी मिळाली, पण बाहेर नुसते ढग. उतरल्यावर बॅगांची वाट, मग गावात जाणारी ट्राम, तिला पाऊण तास. बर्गनच्या पावसात हॉटेलच्या दारात उभ्या राहिलो तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. साडेपाच तास! आईचे गुडघे चालून चालून सुजले ते वेगळंच. फार वाईट वाटलं मला.

बर्गनचे दोन दिवस पावसातच गेले. परतीचं विमानाचं तिकीट सोडून दिलं, पैसे बुडाले, आणि सकाळच्या गाडीत बसलो.

ही रेल्वे १९०९ची. बर्गन सोडलं की बोगद्यांमागून बोगदे. आई खंडाळ्याच्या घाटात मोजते तसे मोजायला लागली आणि व्हॉसच्या पुढे मोजणी चुकली. मिर्दालनंतर साडेदहा किलोमीटरचा बोगदा लागतो. आपल्या कोकण रेल्वेचा करबुडे साडेसहाचा. आई म्हणाली, "अगं, संपतोय की नाही हा?" आणि संपला तेव्हा डब्यात एकदम पांढरा उजेड भरला.

फिन्से. समुद्रसपाटीपासून १२२२ मीटर, या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन. इथे मोटाररस्ता येतच नाही. जूनचा दुसरा आठवडा, तरी समोरचं तळं गोठलेलं आणि पलीकडे हार्डांगरयोकुलची हिमनदी. गाडी काही मिनिटं थांबणार होती. लोक उतरले. मी आईला म्हटलं, तू बस, पायऱ्या उंच आहेत. ती ऐकते कसली! स्वेटरवर शाल, साडीचा काठ वर खोचलेला, एका हाताने दांडा धरून उतरली. फलाटाच्या कडेला बर्फाचा ढीग होता. वरचा थर मळका होता, तो तिने बोटांनी बाजूला केला आणि आतला स्वच्छ बर्फ दशम्यांच्या रिकाम्या डब्यात भरला. बोटं लाल झाली. एका नॉर्वेजियन आजींनी काही न बोलता स्वतःचा हातमोजा काढून पुढे केला. आईने हसून मान हलवली, पण त्यांचा हात मात्र क्षणभर हातात धरला. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती.

गेइलो स्टेशन येईपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. आईने ते देवळातल्या तीर्थासारखं डोळ्यांना लावलं, मलाही लावायला लावलं. मग पुढे बराच वेळ, हलिंगदाल खोऱ्यातली हिरवी शेतं आणि नदी सोबत धावत असताना, ती खिडकीपासून हलली नाही. गुडघ्यांचं एकदाही नाव काढलं नाही.

वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर माझ्यासारखी चूक करू नका. मी नुसती ती ५५ मिनिटं पाहिली होती, आईला काय आवडेल हे विचारलंच नव्हतं.