डँडेलायनमधला सिंह

डँडेलायनच्या पिवळ्याधमक फुलाला सिंहाच्या आयाळीवरून ते नाव मिळाले असावे, अशी माझी अनेक वर्षांची खात्रीच होती. ती आज सकाळी शब्दकोश उघडताच मोडली. या नावाचा फुलाशी संबंधच नाही. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘देन्स लिओनिस’ फ्रेंचमध्ये ‘दाँ द लियाँ’ झाले, इंग्रजांनी ते आपल्या उच्चाराने वाकवले आणि त्याचा अर्थ निघतो ‘सिंहाचा दात’, कारण या झाडाच्या पानांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला ज्या ‘लिओन्टोडॉन’ प्रजातीत ठेवले होते, त्या ग्रीक नावाचाही अर्थ तोच. आज मात्र ती ‘टॅराक्सॅकम’मध्ये गणली जाते.

गंमत अशी की, ज्यांच्याकडून इंग्रजांनी हा रुबाबदार शब्द घेतला, ते फ्रेंच लोक स्वतः या झाडाला सर्रास ‘पिसाँली’, म्हणजे अंथरुणात लघवी करायला लावणारे, असे म्हणतात. ते मूत्रल मानले जात असल्यामुळे हे नाव पडले आणि जुन्या इंग्रजी बोलीतही याच अर्थाचे एक नाव होते. दुपारी मी या झाडाचे एक पान हातात घेऊन निरखले. दात खरोखरच आहेत, आणि तेही देठाच्या दिशेने वळलेले.