वरचे छप्पन हजार कशाचे?

रॉयल एनफील्डचं ६५० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन घ्यायचं, एवढं माझं पक्कं होतं. अडलं होतं ते कुठल्या गाडीतलं घ्यायचं यावर. तेच ६४८ सीसी, तेच ४७ पीएस (म्हणजे इंजिनाची ताकद) इंटरसेप्टरमध्येही मिळतं आणि शॉटगनमध्येही. शॉटगन जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम ३.५९ लाखांपासून होती आणि इंटरसेप्टर ३.०३ लाखांपासून. शोरूममधल्या मुलाला विचारलं, वरचे छप्पन हजार कशाचे? त्याचं उत्तर पाठच होतं, "सर, ही फॅक्टरी कस्टम आहे." म्हणजे लोक गॅरेजात कापून-जोडून जशी गाडी करून घेतात, तशी कंपनीनेच करून दिलेली. दिसते देखणीच, वादच नाही. बसकी, रुंद, आणि मागची सीट काढली की चालकाची एकटी सीट अधांतरी असल्यासारखी. पण देखणेपणाला मी छप्पन हजार द्यायला तयार नव्हतो. निदान हिशोब न करता तरी नाही.

म्हणून आधी उलट्या बाजूने गेलो. इंटरसेप्टर घ्यायची आणि ती आपल्या मनासारखी करायची. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. माणूस हाताचा सच्चा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, फ्रेम मागून कापायची, मडगार्ड नवीन बसवायचं, सीट शिवायची, रंग. लाखाच्या खाली मी हात लावत नाही. आणि पोलिसांचं तुमचं तुम्ही बघायचं."

खरी मेख त्या शेवटच्या वाक्यात होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतात, तो फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलाय. त्यातून फ्रेम कापलेली गाडी धडकली, तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण. वॉरंटीचं तर नावच नको. अमेरिकेत किंवा जपानमध्ये फॅक्टरी कस्टम म्हणजे आळशी माणसाची सोय असेल. आपल्याकडे मनासारखी गाडी कायद्यात बसवून चालवायचा तो जवळजवळ एकच मार्ग आहे. कंपनीने चाचण्या पास करून घेतलेल्या असतात, आरसीवर जे लिहिलंय तेच रस्त्यावर असतं. मला पहिल्यांदा वाटलं की छप्पन हजारांतले काही तरी या निश्चिंतीचे आहेत.

मग सुट्या भागांकडे वळलो. इथे मात्र शोरूमवाले स्वतःच्याच मालाची बाजू नीट मांडत नाहीत. शॉटगनची फ्रेम इंटरसेप्टरची नाही, कंपनीच्याच सुपर मिटिओर क्रूझरच्या घराण्यातली आहे. पुढचं चाक धरणारा फोर्क शोवा या जपानी कंपनीचा, उलट्या रचनेचा, इंटरसेप्टरला साधा. मागच्या ब्रेकची डिस्क ३०० मिलिमीटरची, तिकडे २४०. चाकं अलॉय, टायर ट्यूबलेस. सुरुवातीच्या किमतीतल्या इंटरसेप्टरला तारांची चाकं आणि आत ट्यूब. खंबाटकी घाटात भर दुपारी ट्यूब पंक्चर झालेला माणूस या एका फरकाचे किती पैसे देईल ते त्यालाच विचारा. अलॉय चाकांची इंटरसेप्टर घ्यायची म्हटली की तीच ३.२१ लाखांवर जात होती. म्हणजे खरं अंतर छप्पन नव्हे, अडतीस हजारांचं. हे कळल्यावर माझा विरोध निम्मा गळाला.

तेवढ्यात कराने खो घातला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींचा जीएसटी सेससकट ३१ टक्के होता तो ४० झाला. ३.५९ लाखांच्या गाडीवर नुसत्या कराचेच पंचवीसेक हजार वाढले. त्यावर आपल्या राज्याचा १२ टक्के रोड टॅक्स, तोही जीएसटी धरून आलेल्या रकमेवर. कंपनीला दिलेल्या प्रत्येक जास्तीच्या रुपयावर सरकारलाही जास्त द्यावं लागतं, हे फरक मोजताना विसरायचं नाही. माझे अडतीस हजार करासकट पंचेचाळीसच्या घरात गेले. शिवाय पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा ३५० सीसीवर १५,११७ रुपये, त्याखालच्या गटाला ७,३६५.

आणि ३५० पर्यंतच्या गाड्यांचा कर त्याच दिवशी २८ वरून १८ वर आला. त्यामुळे रॉयल एनफील्डचीच गोअन क्लासिक ३५० अचानक डोळ्यांत भरली. तीही कारखान्यातूनच बॉबर, म्हणजे बसक्या, छाटलेल्या ढंगाची होऊन आलेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये २.३५ लाखांपासून होती, करकपातीनंतर त्याहून अठराएक हजारांनी स्वस्त झाली. पांढऱ्या पट्ट्यांचे टायर, उंच हँडल. गोव्याच्या किनाऱ्यावर तिच्यासारखी तीच. पण वीस पीएसचं इंजिन. मला सातारा-कोल्हापूर हायवेला ट्रकला झटकन ओलांडायचं असतं, तिथे ती दमते. मित्राचा सल्ला वेगळाच होता: "आपल्या चाकणला बनलेली ट्रायम्फ स्पीड ४०० घे, चाळीस पीएस, वजनाला हलकी, पैसे वाचव." बरोबरच होतं त्याचं. फक्त मला ती नको होती, आणि याला मी कारण देत बसलो नाही.

ट्रायल दोनदा मारली. एकट्याने मारली तेव्हा पाचव्या मिनिटाला निर्णय झाला होता. २४० किलो वजन स्टँडवरून उतरवताना जाणवतं, पार्किंगमध्ये उतारावर तर घाम फुटतो, पण चाकं फिरायला लागली की कुठे जातं कळत नाही. सीट ७९५ मिलिमीटर उंचीची, माझे दोन्ही पाय जमिनीवर सपाट. दुसऱ्यांदा बायकोला मागे बसवलं. सिंहगड रोडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेतच. मागच्या शॉकअपला खेळायला जेमतेम ९० मिलिमीटर, आणि खाली जमिनीपासून अंतर १४०. इंटरसेप्टरला ते १७४ आहे. तिसऱ्या स्पीडब्रेकरला ही माझ्या पाठीवर आदळली आणि म्हणाली, "गाडी तुझी आहे, मी यात नाही." डबलसीट रोज फिरणाऱ्याने इथेच वाचणं थांबवून इंटरसेप्टरची लांब, सपाट सीट घ्यावी, असं माझं स्वच्छ मत आहे. आमच्याकडे दोघांसाठी स्कूटर आहे आणि हायवेला मी बहुतेक एकटाच जातो, म्हणून माझ्यापुरतं गणित वेगळं झालं.

मर्यादित आवृत्त्यांचा मोह मी लवकर सोडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात वागातोरला पहिल्या २५ शॉटगन निघाल्या त्या ४.२५ लाखांना. फेब्रुवारी २०२५ मधली आयकॉन आवृत्ती जगभरात १०० आणि भारतात २५, तीही ४.२५. रंग वेगळा, आरसे हँडलच्या टोकाला, सोबत जॅकेट. इंजिन, फोर्क, ब्रेक सगळं तेच. फोर्कचे पैसे मी देईन, ट्यूबलेसचे देईन, कायद्यात बसण्याचेही देईन. सहासष्ट हजारांचा रंग माझ्या हिशोबात कुठल्याच रकान्यात बसत नाही. ज्यांना संग्रह करायचाय त्यांनी खुशाल घ्यावी. गाडी दुर्मीळ आहे, खोटं काही नाही.

अखेर घेतली ती राखाडी शॉटगन, सगळ्यात स्वस्त रंगाची. ऑन-रोड पावणेपाच लाखांच्या आसपास बसली. बुकिंगच्या टेबलावर त्या मुलाने अ‍ॅक्सेसरीजचा कॅटलॉग उघडला: टूरिंग सीट, विंडस्क्रीन, वेगळे आरसे. फक्त इंजिन गार्ड घेतला, कारण २४० किलो आडवे झाले तर खर्च त्याहून मोठा. बाकी पाटी कोरी ठेवली आणि पासिंगची तारीख विचारली.