कागदापर्यंत न पोहोचलेल्या गोळ्या

रायफल टेबलावर ठेवता ठेवताच गृहस्थांनी निकाल देऊन टाकला. "नळी बाद आहे. चार पैसे वाचवायला गेलो आणि फसलो." नळी त्यांनी दुसरीकडून बदलून घेतली होती, आमच्याकडून नाही. बंदूक दुरुस्तीच्या धंद्यात दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्याइतकं सोपं काही नाही, म्हणून मी आधी टार्गेटचा कागद मागितला.

कागद चक्रावणारा होता. शंभर मीटरवरून दहा गोळ्या झाडलेल्या, भोकं मात्र चारच. ती चारही एकमेकांना खेटून. नळी खराब असती तर भोकं कागदभर पसरली असती. गोळी हवेत लडबडत गेली असती तर आडवी, लांबट भोकं पडली असती. इथे चार सुरेख भोकं आणि सहा गोळ्या बेपत्ता.

रायफल होती .२४३ विंचेस्टर, हरणाच्या शिकारीला लोक आवडीने वापरतात ती. काडतुसं त्यांनी घरी भरलेली. मुलीला पहिल्यांदा शिकारीला न्यायचं होतं, तिच्या खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून ५५ ग्रेनची हलकी गोळी निवडली होती, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. विचार चुकीचा नव्हता. गोळी हलकी केली की धक्का खरंच उतरतो. पण सोबत त्यांनी दारू काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या कमाल मापाला टेकवली होती. "वेग मिळतोय तर सोडायचा कशाला?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता हसू आवरावं लागतं.

त्यांचा मुद्दा मात्र बिनतोड होता. हीच गोळी, हीच दारू, दारू पेटवणाऱ्या टोप्या म्हणजे प्रायमर, तेही हेच, जुन्या नळीतून वर्षानुवर्षं उत्तम चालले होते. मग नळीशिवाय दोष कुणाचा?

दारू तोलायचा तराजू प्रमाणित वजनांवर ताडून पाहिला, बरोबर होता. उडालेल्या पुंगळ्यांचे प्रायमर थोडे चपटे दिसले, म्हणजे दाब चढा होता, पण घाबरण्यासारखे नाहीत. नळीत डोकवायची बारीक दुर्बीण, बोअरस्कोप, घातली तर आतलं काम आरशासारखं. ज्याने नळी बसवली त्याचा हात चांगला होता, हे तेव्हाच कळलं. मग राहिला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणारे नळीतले सर्पिल आटे किती इंचांत एक फेरा घेतात तो आकडा; जितका कमी, तितका पीळ घट्ट. तो मोजायला यंत्र लागत नाही. साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी लावायची, गजावर खूण करायची आणि नळीत हळूहळू ढकलायचा. आट्यांबरोबर गज फिरतो. खूण पूर्ण एक फेरा मारून परत वर येईपर्यंत गज किती आत गेला, तो पीळ. इथे आकडा आला साडेसात इंच. जुन्या नळीचा पीळ दहा इंचांचा होता, .२४३ ला नेहमी असतो तसा. नवी नळी घेताना त्यांना लांब पल्ल्याच्या जड, लांबुळक्या गोळ्याही मारायच्या होत्या, म्हणून कुणीतरी घट्ट पिळाची सुचवली होती. सल्लाही योग्यच होता.

आता गणित मांडा. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, त्यांच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ११३० मीटर निघाला. साडेसात इंचांना एक फेरा, म्हणजे सेकंदाला ५,९०० फेरे, मिनिटाला साडेतीन लाखांच्या वर. जुन्या नळीत तोच आकडा पावणेतीन लाखांच्या आत राहत होता. साडेतीन लाखांना गोळीचा काठ ताशी चारशे किलोमीटरहून जास्त वेगाने गोल फिरत असतो, आणि त्याला धरून ठेवायला तांब्याचं पातळ आवरण, आत मऊ शिसं. ही गोळी बनवलीच असते छोट्या उपद्रवी जनावरांसाठी, लागताक्षणी फुटावी म्हणून. त्यात नळीतले आटे आवरणावर चरे पाडतात. नळी तापली, मळली की अधिकच. म्हणजे गोळी कागदाआधी हवेतच फाटत असणार.

त्यांना हे पटलं नाही. पटायला नकोच, आकडे कागदावर काहीही सांगतात. मग रेंजवर वीस, पन्नास आणि शंभर मीटरवर मोठे पांढरे पुठ्ठे एकामागे एक लावले. पहिल्या गोळ्या तिन्हींतून आरपार गेल्या. गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. नळी तापल्यावर एका बाराला वाटेत हवेत करड्या धुराची रेघ उठली. वीसच्या पुठ्ठ्यावर स्वच्छ भोक, पन्नासच्या पुठ्ठ्यावर राखाडी फवारा आणि बारीक चिरा, शंभरच्या पुठ्ठ्यावर काहीच नाही. गृहस्थांनी त्या फवाऱ्यावरून बोट फिरवलं, बोटाला शिसं लागलं.

"मग दारू कमी करतो, काम झालं," ते म्हणाले. इथे मात्र मी अडले. वेग उतरवला तर गोळी कागदापर्यंत जाईल, पण हरणाच्या खांद्याच्या हाडावर फुटेल. वर मोठी जखम, आत काही नाही, आणि जनावर तसंच पळून जाणार. मुलीची पहिली शिकार अशी व्हायला नको, हे मी स्पष्ट बोलले. शिवाय मंद जळणारी दारू पुस्तकातल्या किमान मापाखाली नेणं हा वेगळाच धोका, दाब कमी व्हायच्या ऐवजी एकदम चढू शकतो.

या कॅलिबरमध्ये पिळाचा घोळ जुनाच आहे. १९५५ साली .२४३ विंचेस्टरबरोबरच .२४४ रेमिंग्टन आली. रेमिंग्टनने हलक्या गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून पीळ बारा इंचांचा ठेवला, लोकांना हवी होती हरणासाठी शंभर ग्रेनची गोळी, आणि .२४४ मागे पडली. १९६३ मध्ये तेच काडतूस नऊ इंची पीळ घेऊन ६ मिमी रेमिंग्टन या नावाने परत आलं. आमच्या गृहस्थांकडे नेमकं उलटं झालं होतं.

मी सुचवली ८० ग्रेनची सबंध तांब्याची गोळी. आवरण आणि गाभा असे दोन भागच नाहीत, त्यामुळे फिरून फाटायला काही नाही. शिशापेक्षा तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनात गोळी लांब होते, आणि लांब गोळीला घट्ट पीळच लागतो. त्यांची "बाद" नळी इथे कामाला आली. स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीच्या किमान वजनाची अट शंभर ग्रेनवरून ऐंशीवर आणली, तीही अशा शिसं नसलेल्या गोळ्यांना जागा व्हावी म्हणूनच.

तांब्यासाठी त्यांनी पुस्तकातलं वेगळं पान उघडलं, किमान मापापासून सुरुवात केली आणि सेकंदाला नऊशे मीटरच्या जरा वर थांबले. सगळ्या गोळ्या कागदावर, घोळका लहान. धक्का शंभर ग्रेनपेक्षा कमी, ५५ पेक्षा थोडा जास्त. मुलीने स्वतः झाडून बघितली आणि चालेल म्हणाली.

पातळ आवरणाच्या गोळ्यांचा उरलेला डबा टाकून द्यावा का, असं त्यांनी विचारलं. टाकायचा कशाला? जुनी नळी घरी पडून होती, ती दुसऱ्या अ‍ॅक्शनवर, म्हणजे नळी जिथे बसते त्या रायफलच्या यंत्रभागावर, बसवून घ्यायचं ठरलं. त्या दिवसापुरतं मी फक्त दोन्ही डब्यांवर मार्करने पीळ लिहून दिला.